अकरा लेकरं आणि फसलेली जीप

चंद्रपूर,
२ जुलै २०२५

ती. रुखमाआत्यास,
राजदीपचा सा. जयभीम वि. वि.

तब्येत बरी असेल आणि गोळ्या उशीखाली न ठेवता पोटात जात असतील, अशी आशा. तुमच्या पाळणाघराबद्दलचं सरकारी पत्र माझ्याकडे आलं. तालुक्याचं कार्यालय म्हणतं, संस्थेचा इतिहास द्या, नाहीतर पाळणाघराची खोली बियाण्यांच्या गोदामाला जाईल. मी लिहायला घेतलं आहे: काही ध्येयवादी भगिनींनी श्रमिकांच्या बालकांसाठी संकल्प केला, वगैरे. पण पुढे 'प्रेरणा' असा रकाना आहे. तिथे काय लिहू?

रागे भर, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
राजदीप

बोडीटोला, ता. नागभीड
७ जुलै

चि. राजदीपले अनेक आशीर्वाद.

गोळ्या घेतो. तुझ्या त्या ध्येयवादी भगिनी कोण? टोल्यावर अशा बाया नाईत. खरं लिही.

२००४ च्या रोवण्यात आम्ही धानाची रोपं लावत होतो, तवा ठेकेदाराची जीप आमच्या बांधीत फसली. जीप सोडून हलायचं नाई, असं ड्रायव्हर मुखरूभाऊले सांगून तो पायी गेला. तेवढ्यात आमच्यातल्या सोमारीची बारकी पुनम शेताच्या धुऱ्यावरून रांगत बाजूच्या बोडीच्या पाण्यात पडली. सोमारीनं तिले केसाले धरून काढली आणि वल्लीच मुखरूभाऊच्या मांडीवर ठेवली. तिचं पाहून सगळ्यांनी आपापली लेकरं जीपमंदी टाकली. अकरा! मुखरूभाऊ ओरडले, मले गाडी सांभाळाले ठेवलं हाये, पोरं नाई. सोमारी म्हणाली, मंग गाडीच सांभाळा, पोरं गाडीतच हायेत.

रोवणा पंधरा दिवस चालला, जीप तिथंच फसलेली आणि पोरं जीपमंदी. शेवटी ठेकेदार जीप काढाले ट्रॅक्टर घेऊन आला तं पोरं उतरेनात. तू तं गिअरचा दांडाच सोडत नव्हता. त्यानं रागानं मुखरूभाऊले कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याइले पोरं सांभाळाले ठेवून घेतलं. झाली संस्था.

प्रेरणेत लिही, चिखल.

जेवत जा, बापू. आत्याचा जीव तुझ्यापाशी हाये.

रुखमा

चंद्रपूर,
११ जुलै

ती. आत्यास सा. जयभीम वि. वि.

तू सांगितलंस तसंच लिहून दिलं. कार्यालयातल्या बाबूंनी चिखल कोणत्या योजनेत बसतो ते विचारलं आणि स्थापनेच्या पत्त्यासाठी जीपचा नंबर मागितला. चौदा तारखेला तालुक्याहून करिश्मा मॅडम तपासणीला येतील. मुखरूभाऊंना शर्ट घालायला सांग. मला धाकधूक आहे. ती खोली गेली, तर तेवीस लेकरं पुन्हा शेताच्या धुऱ्यावर येतील.

दोन ओळी लगेच लिही, तेवढाच आधार.

राजदीप

बोडीटोला,
१५ जुलै

चि. राजदीपले आशीर्वाद.

मुखरूभाऊनं शर्ट घातला होता. बटनं पोरांनी तोडली.

मॅडम आल्या तवा आम्ही सगळ्या बांधीत होतो. त्याइनं हजेरीचं रजिस्टर मागितलं. मुखरूभाऊच्या दोन्ही मांड्यांवर पोरं झोपली होती आणि रजिस्टर त्याइच्याच बुडाखाली. उठाचं कसं? म्हणून त्याइनं एक पोरगी, रोशनी, मॅडमच्या मांडीवर दिली. रोशनी तिथंच झोपली. मॅडम उठाले लागल्या तं मुखरूभाऊ म्हणाले, हलू नका बाई, लय मुश्किलीनं झोपली. मॅडमच्या साहेबाचा फोन आला तं मुखरूभाऊनं ओठावर बोट ठेवलं. मॅडमनं फोनच बंद करून टाकला!

पाच वाजता आम्ही आलो तं मॅडम तशाच बसलेल्या, पायाले मुंग्या, आणि डाव्या हातानं अहवाल लिहून राह्यल्या. त्याइले उभं कराले दोघी लागल्या.

खोली आपल्याचकडे राह्यली. 'त्रुटी' या रकान्यात मॅडमनं लिहिलं हाये: लेकरांच्या मानाने मांड्या अपुऱ्या.

म्हणून सांगतो, रविवारी सुट्टी हाये तं ये. बाकी काही आणू नको, मांडी घेऊन ये.

वाट पाहून राह्यली,
तुझी आत्या