धुक्याच्या फौजेचा सेनापती

नातीबाई,

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण दुपारी डुलकी लागली आणि तुझ्या गेममधल्या धुक्याच्या फौजेने मला सेनापती केलं. ढगांवरून तरंगत जाताना त्यांची राणी म्हणाली, "ती पोरगी रोज नवी फौज घेते, म्हणून रोज हरते. एकीलाच धरून खुशाल दहा डाव हरू दे. मग जी फौज तिला हरवते, तिच्याच बाजूने एक डाव खेळू दे. दुखरी नस आतूनच कळते."

उद्या स्पर्धेत धुकंच घे. मी डोळे तपासून संध्याकाळी येतो.

आजोबा

चिठ्ठी फ्रिजवर लावून आजोबा चपला घालत होते, तोच चिठ्ठी वाचून, त्यांच्या पिशवीत डोकावत मागून नात ओरडली, "थापाडे! तपासायला दोन सदरे आणि ब्रश कशाला? ऑपरेशन आहे ना? थांबा, मीही येतेय!"