सीटखालची लाल वायर

८ डिसेंबर, सोमवार

डायरेक्ट करून टाकलं!

सिद्धोधन सरांनी दिल्लीची जुनी गाडी आणलीय. बटण दाबलं की सीट गरम होते म्हणे. मी म्हणालो, आपल्याकडे मे महिन्यात बिनबटणाची होते. पण त्यांना हवी होती आईसाठी. सरजाबाईंना लकवा मारलेला, उजवा पाय बधिर, थंडीत आखडतो. दर मंगळवारी पहाटे त्यांना व्यायामाच्या डॉक्टरकडे परभणीला न्यायचं असतं.

फ्यूज ठीक. बटणापर्यंत करंट येतोय. गादीतली तार मीटरवर धडधाकट. मग गेलं काय? सीट जास्त तापली की करंट तोडणारा सेन्सर. तो सेलूत कुठला मिळतोय! मागवला, पण यायला वेळ लागणार. सर म्हणाले, "रामलिंग, उद्याच जायचंय की." मग सेन्सर बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी करंट थेट जोडणारी लाल वायर मारली. निम्म्या सेलूचे हॉर्न आणि पंखे माझ्या डायरेक्टवरच चालतात.

सरांच्या बायकोनं, बबिताताईंनी, सीटवर हात ठेवला. "दादा, लय गुण हाय तुमच्या हाताला." तेव्हाच सांगायचं होतं — हे आता आपोआप थांबणार नाही, थोड्या वेळानं बटण बंद करा. पण मग काम अर्धवट आहे हे कळलं असतं. कौतुक गोड लागलं, गप्प बसलो.

१० डिसेंबर

गारठा वाढला. सगळ्यांच्या बॅटऱ्या बसल्यात. दिवसभर मान वर करायला फुरसत नाही.

१२ डिसेंबर

सर चौकात भेटले. सरजाबाईंची मांडी भाजली. हे एवढे फोड. पाय बधिर, त्यांना कळलंच नाही. परभणीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी दिसलं.

"रात्री बबितानं गरम पाण्याची पिशवी दिली होती," सर म्हणाले. "तिचंच ध्यान नव्हतं."

आणि मी काय म्हणालो? "आजकाल पिशव्याच भिकार यायल्यात, सर."

जेवण गेलं नाही. महादेवीनं विचारलं, पोट बिघडलं का? हो म्हणालो. बायकोशीही खोटं.

१५ डिसेंबर

संत्री घेऊन बघायला गेलो. जायलाच नको होतं. सरांची बहीण सत्यशीला पाथरीहून आलीय. माझ्यादेखत बबिताताईंना बोलत होती — "म्हातारं माणूस सांभाळायला ध्यान लागतंय. हिचं समदं ध्यान मोबाइलात."

बबिताताई खाली मान घालून मलम लावत होत्या. वर कापूस, कापसावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. एवढंच म्हणाल्या, "पिशवी मी गुडघ्याला दिली होती." फोड मांडीच्या मागच्या बाजूला आहेत. कुणी लक्ष दिलं नाही. माझं होतं.

"नका बोलू तिला," सरजाबाई म्हणाल्या. "माझाच पाय मेलाय."

मी तिथं बसून चहा प्यायलो. अख्खा कप! परत येताना स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

१६ डिसेंबर

सकाळी पूजेला इष्टलिंग तळहातावर घेतलं. ह्याच हातानं वायर मारली.

सांगू का? सांगितलं तर सेलूत माझ्याकडे गाडी कोण देईल? आणि नाही सांगितलं तर त्या बाईला जन्मभर बोलणी. ती कोण माझी? कोणी नाही. म्हणूनच गप्प बसणं सोपं जातंय.

२० डिसेंबर

सेन्सर आला. सर म्हणाले, जखम सुकत आलीय, येत्या मंगळवारी पुन्हा परभणी. म्हणजे पुन्हा तीच सीट!

ठरवलं. फुकटात तपासणी करतो म्हणून जायचं, सेन्सर बसवायचा, गुपचूप वायर काढून खिशात घालायची. मग कोण विचारतंय? असल्या कामात डोकं बरं चालतं माझं.

२२ डिसेंबर, सोमवार

सरांच्या अंगणात सीटखाली हात घातला. माझी लाल वायर आधीच कापलेली. घरातल्या कात्रीनं कापावी तशी, वेडीवाकडी. दोन्ही टोकांना तीच दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली.

सगळं ठाऊक असून नणंदेची बोलणी खाल्ली. माझं नाव कुणाला सांगितलं नाही.

मागं वळलो. बबिताताई दारात उभ्या होत्या.

"सापडलं का, दादा?"