नव्या सिस्टरची पहिली सुई

मंगळवार, दिवाबत्ती झाल्यावर

केमो देणारी सिस्टर एकटीच. शहापूर-मुरबाड दोन्हीकडे तीच पळते, आणि आम्ही पेशंट वाढतोच आहोत. आज तिच्या हाताखाली धसईची एक मुलगी शिकायला आली, तर आम्ही सगळ्या बायकांनी हात पदराखाली लपवले! मीसुद्धा. मग लाज वाटली. कुणी हातच दिला नाही तर ती शिकणार कशी? गणपतीचं नाव घेऊन हात पुढे केला. तिचाच हात थरथरत होता.

"गो, भात लावताना अशी थरथरतेस का?"

"नाय मावशी, पण रोप ओरडत नाय!"

पहिली सुई चुकली, फुकट गेली बिचारी. मी ओरडले का? थोडीशी. दुसरी मात्र बरोबर लागली.

सगळ्यात घट्ट पदर शेजारच्या खुर्चीतल्या काकूंचा. त्यांनीच हळूच हात बाहेर काढला. "ये गो, आता माझी पाळी."