टाच

माय,

गेले आठ दिवस मी तुझी पाठ काढते आहे. कागदावर नाही, आता टॅब्लेटच्या काचेवर पेनानं काढते, तुझ्या नातीनं शिकवलंय. यात चित्राचे थर वेगळे ठेवता येतात. एका थरावर तुझी उघडी पाठ, वरच्या थरावर लुगडं. बोट टेकवलं की लुगडं जातं, पुन्हा टेकवलं की येतं. मी तेवढंच करत बसते, कारण हे चित्र गोंदियाच्या प्रदर्शनात लागणार आहे आणि तुझ्यासोबत धानाचा रोवणा करणाऱ्या मावश्या ते पाहायला येणार आहेत.

तुझी पाठ मला डोळ्यांआधी हातांना कळली. रोवण्याच्या दिवसांत तू संध्याकाळी चिखलभरल्या बांधीतून यायचीस, आंघोळ करून पालथी पडायचीस आणि मी जवसाचं तेल चोळायचे. मणके एकेक करून बोटांखाली यायचे. उजवा खांदा डाव्याहून जाड होता. पुढे चित्रकला शिकताना शरीराची मापं पाठ केली, तेव्हाही प्रत्येक पाठ मी तुझ्याशी ताडून पाहायचे.

आठवीत असताना मी तुला चिखलात धानाचे पऱ्हे लावताना काढलं, वाकलेली, पाठ उघडी. तू चुलीसमोर बसली आहेस. कागद आधी उलटा धरतेस, मग सुलटा.

"उघडी काऊन काढलीस वो मले?"

"हाडं दिसावी म्हणून."

"हाडं मेल्यावर दिसतेत. आता तं झाकू दे."

मी हिरमुसले. तू पुन्हा कागदाकडे पाहिलंस. "अन् पाय चुकला. रोवताना बाई मागं मागं सरते. बोटं आधी रुततेत, टाच वरतं राहते. तू तं मले बाजारात उभी करून राहिली." मग विझलेला कोळसा उचलून मी काढलेल्या सपाट टाचेखाली एकच रेघ ओढलीस. टाच चिखलातून सुटली. त्याआधी तुझ्या हातात मी साधी पेन्सिलही पाहिली नव्हती. कागद परत देत म्हणालीस, "जाळून टाक. लोकायले कायले दाखवा लागते माही पाठ?" तू तांदूळ घ्यायला वळलीस, आणि मी चुलीत गणिताच्या वहीचं पान घातलं.

काल तुझी नात म्हणाली, "मम्मी, लुगडं हटव ना. आजी एकदम बढिया दिसून राहिली. यात लाजायचं काय?"

लाजेचा प्रश्न नाहीच. उघडी शरीरं मी कितीदा तरी काढली. पण ज्यांची काढली, त्यांनी हो म्हटलं होतं. तू नाही म्हणाली होतीस, आणि माणूस गेलं म्हणून त्याचं नाही जात नाही.

लुगडं ठेवलं, माय. फक्त घामानं भिजवलं, पाठीला चिकटवलं, तू घरी यायचीस तसं. त्यातून मणके दिसतात, मोजता येतील इतके. नातीनं मान तिरकी करून पाहिलं. "अब बराबर है," म्हणाली, "आता आजी कामावर आहे."

पाय मात्र मला अजूनही जमला नाही. किती वेळा काढला, पुसला. शेवटी ट्रंकेतला तो कागद काढला, तुझी कोळशाची रेघ स्कॅन केली आणि जशीच्या तशी चित्रात बसवली. साऱ्या चित्रात तेवढीच खरी वाटते.

फाईल आज सकाळी पाठवली. त्यात रेघ तुझी असूनही खाली नाव मी माझं एकटीचंच घातलं आहे.