सहा फेटे

बाबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज वही घेऊन बसलोय, कारण हे सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. माझं मराठी तुम्ही इथल्या बेहाला भागातल्या त्या खोलीत स्टोव्हपाशी बसवून पाटीवर गिरवून घेतलंत तेवढंच. पुढचं मी रद्दीतली मासिकं वाचून जमवलं. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बागबाजारच्या घाटावरचा तो दिवस तुम्हाला आठवतो का? या बंगाली शहरात आपली इनमीन पंधरावीस मराठी बिऱ्हाडं. हातगाडीवर गणपती, पुढे लेझीम खेळणारी आम्ही पोरं, आणि सगळ्यांच्या मागे तुम्ही, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कुणाकुणाच्या सुटलेल्या चपला. आई हसायची, "यांना गणपतीचं तोंड कधी दिसतच नाही, दिसते ती पाठ." मागे कुणी राहू नये हे काम तुम्ही आपणहून अंगावर घेतलं होतं. त्या वर्षी घाटावर पोचल्यावर तुम्ही मला म्हणालात, "मोज रे पोरं." मी पांढऱ्या टोप्या मोजल्या आणि छाती काढून ओरडलो, "बारा! सगळी आहेत, बाबा." बारावी टोपी ढाक बडवणाऱ्या बंगाली ढोलवाल्याच्या डोक्यावर होती. शेजारच्या बिऱ्हाडातल्या सहा वर्षांच्या पोरीनं ती गमतीनं त्याला घातली होती, आणि पोरगी मागे मुरमुरेवाल्यापाशी बसून खुशाल मुरमुरे खात होती. तुम्ही मारलं नाहीत. माझा कान धरलात, तोही हळूच. "टोप्या मोजल्यास, गाढवा. तोंडं मोज. तोंड बघितल्याशिवाय आकडा सांगायचा नाही."

आता माझं ऐका. आम्ही सातजण होतो, सगळे साठीच्या पुढचे, सगळे मराठी, नोकरीपायी इथे आलेले किंवा माझ्यासारखे इथेच वाढलेले. दर रविवारी सकाळी सायकली काढायचो. कधी गंगेच्या कडेनं बागबाजारपर्यंत, मातीच्या कुल्हडातला चहा, गरम कचोरी आणि गप्पा. कुणाचं लग्न असो, पाडव्याचा कार्यक्रम असो, सातही सायकली दारात लागायच्या. सगळ्यात शेवटी मी. ती तुमची सवय, मला सुटली नाही. आमच्यातला एक बँकेतून निवृत्त झालेला, माझा सगळ्यात जवळचा मित्र. तो मला गार्ड म्हणायचा. "गार्डसाहेब, हिरवा झेंडा दाखवा, नाहीतर गाडी इथेच सडेल!" त्यानं असं ओरडल्याशिवाय आम्ही कधी निघालोच नाही. निवांत चालवायचा, चढावर उतरायचा, त्यामुळे शेवटून दुसरा नेहमी तोच. मी त्याच्या मागे. आमचं निम्मं बोलणं त्याच्या पाठीशीच झालं म्हणा ना.

गेल्या हिवाळ्यात सॉल्ट लेकमधल्या रहिवाशांनी सायकलींची मिरवणूक काढली. ज्यानं त्यानं आपल्या प्रांताचा वेश करून यायचं. आम्ही पुण्याहून भगवे फेटे मागवले, शिवलेले, टोपीसारखे नुसते डोक्यावर ठेवायचे. काय थाट होता, बाबा! गच्च्यांवरून बायका हात हलवतायत, कुणी खूश होऊन ओरडतंय, "दादा, पागडीटा दारुण!" म्हणजे पगडी झकास! पुढे कुठेतरी ढाक वाजायला लागला आणि आमची मंडळी मला हाका मारायला लागली, "अहो गार्ड, एक दिवस इंजिनात या की! कायम काय लोकांच्या पाठी बघता?" आणि मी गेलो. मित्राला ओलांडून, सगळ्यांना ओलांडून, सगळ्यात पुढे. वारा तोंडावर येत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे कुणाची पाठ नव्हती. पाण्याच्या टाकीपाशी वळताना सवयीनं मान वळवली आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहा भगवे फेटे. ठीक आहे म्हटलं आणि पायडल मारलं.

मैदानावर पोचलो, संदेश मिठाई वाटणं चाललंय, फोटो चाललेत, आणि एक मिशीवाले बंगाली गृहस्थ फेटा हातात धरून माझ्याकडे येतायत. मी त्यांना ओळखत नाही. म्हणाले, "आपनार बोन्धु", तुमच्या मित्रानं दिला, मघाशी, डोकं तापलंय म्हणाले, जरा बसतो म्हणाले. म्हणाले, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. मी मोजलेला सहावा फेटा यांच्या डोक्यावरचा होता. आम्ही उलटे फिरलो. टाकीच्या बऱ्याच अलीकडे, झाडाखाली, सायकल नीट स्टँडवर लावलेली, बूट काढून शेजारी ठेवलेले, आणि रस्ता झाडणारी एक बाई त्याच्या तोंडावर पाणी मारत होती. दवाखान्यात नेलं तेव्हा श्वास होता. वहिनी पोचेपर्यंत तोही नव्हता. डॉक्टर एवढंच म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही तर कायम त्यांच्या मागेच असता. शेवटचं काय म्हणाले?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हसला, वहिनी. हात हलवला, म्हणाला तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." बाबा, यातलं एक अक्षर खरं नाही. मी त्याला ओलांडलं तेव्हा त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. आता दर रविवारी मी सायकलऐवजी बसनं त्यांच्याकडे जातो. त्या चहा ठेवतात, समोर बसतात आणि म्हणतात, "सांगा ना पुन्हा, कसा हात हलवला?" मी सांगतो. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, "उजवा की डावा?" मी म्हटलं, उजवा. त्यांनी मान हलवली, जसं काही त्यांना तेच हवं होतं. आता हे त्यांच्यापासून काढून कसं घेऊ? आणि राहू तरी कसं देऊ? बाकीचे पाच तेच एकमेकांना सांगतात. आमच्या सायकली गंजतायत. फिरू या म्हणायची कुणाची छाती होत नाही.

परवा मंडळाची माणसं घरी येऊन गेली. गणपती जवळ आलेत. म्हणाले, "काका, विसर्जनाला मागे तुम्हीच चालायचं. वडिलांची जागा आहे ती, तुमच्याशिवाय कोण?" मी त्यांना चहा दिला, बघू म्हटलं. दार लावलं आणि तिथेच चपलांशेजारी बसून राहिलो. त्या जागी मी उभा राहिलो तर लोक निर्धास्त होऊन पुढे बघत चालतील. त्याचीच भीती वाटते.

हे पत्र कुठे धाडू? वहीतच राहील. तुम्ही असतात तर कान धरला असतात, आणि या वेळी हळू नाही. पण बाबा, टोप्या मोजल्या ही तर चूक झाली. त्याच्या आतलं एक आहे, ते वहिनींना काय, देवापुढेही बोललो नाही. पुढे गेल्यापासून मैदान येईपर्यंत मला त्याची एकदाही आठवण झाली नाही. फार मजा येत होती.