उणे बावीसमध्ये एकटीचा आठवडा

सोमवार, ६ फेब्रुवारी. दुपारी ३.
क्लबच्या कॅम्पिंग तळावर पोचले. उणे सोळा. कुओपिओतल्या घरापासून नव्वद किलोमीटर मीच गाडी चालवली, एकदाही न थांबता. एकदा थांबले, पण ते कॉफीसाठी. लेकीशी, औतीशी ठरलंय: रविवारपर्यंत थंडीत एकटीने राहून दाखवलं तर ही फिरत्या घराची गाडी, मोटरहोम, विकायची नाही. तिला वाटतं, ताइस्तो, माझा नवरा, गेल्यापासून तिच्या आईला काही जमत नाही. सव्वा वर्ष झालं. मला सगळं जमतं. गाडी तळ्याकाठी लावली, हँडब्रेक दोन्ही हातांनी करकचून ओढला.
निर्धार: कोणाची मदत घ्यायची नाही.

मंगळवार, ७. सकाळी ९.
उणे एकोणीस. झोप छान. दोन स्वेटर, टोपी, ताइस्तोचा कोट. कोट थंडीसाठी नाही, हाताशी होता म्हणून.
या तळावर दर आठवड्याला क्लबचा एक सभासद यजमान असतो. सध्या साइमी. वय अठ्ठ्याहत्तर, तोंडाला विश्रांती नाही. दार वाजवून म्हणाली, "सहाला बायकांची सौना. येतेस ना गं?" म्हटलं, वाफेत बसायला वेळ नाही, वाचायचंय. वाचनालयातून ध्रुवावरच्या मोहिमांचं जाड पुस्तक आणलंय.
"वाच बाई," म्हणाली, "त्यातले बहुतेक मरतात."
पान चाळीस. अजून सगळे जिवंत.

बुधवार, ८.
हीटर गार. गॅस संपला. दुसरा सिलिंडर उघडून पाहिला, तोही रिकामा. सिलिंडर भरून आणायचं काम ताइस्तोचं. मी निघताना नुसतं विचारायचे, "घेतलेस ना?" या वेळी विचारायचं राहिलं.
उद्या गावातून आणीन. तोवर कॉफी. नाही, कॉफीलाही गॅस लागतो.
फ्रीज मात्र उत्तम चालतोय.

गुरुवार, ९.
उणे बावीस. गाडी हलेना. मागची चाकं ब्रेकला चिकटून जागच्या जागी गोठली. साइमी वाकून बघून म्हणाली, "अगं केर्तू, या थंडीत हँडब्रेक ओढलास? गाडी गिअरमध्ये ठेवायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं!"
म्हटलं, उतार होता.
तिने तळ्याकडे पाहिलं. उतार नाही.
"तुमच्यात गाडी कोण लावायचं गं?"
मी चाकावरचा बर्फ बुटाने झाडू लागले. मग तिचा आवाज उतरला. पहिल्यांदाच. म्हणाली, नवऱ्याला गरम हवेचा पंखा घेऊन पाठवते. मी नको म्हटलं. मला कुठे जायची घाई आहे?

शुक्रवार, १०.
काल सौनाला गेले. उबेसाठी नव्हे, दोनदा नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून. वरच्या बाकावर पाच जणी, तोंडी लावायला नवरे. एकाचं घोरणं, एकाचे घरभर पडलेले मोजे. "माझा तर सौनातही टोपी काढत नाही!" सगळ्या हसल्या. माझ्याकडेही तक्रारी आहेत, पुष्कळ. मी तापल्या दगडांवर पाणी ओतत राहिले.
नंतर कपडे बदलायच्या खोलीत वाचत बसले. डोळा लागला. सकाळी अंगावर साइमीची गोधडी होती. अटीत बसतं. खोली तळाच्या हद्दीतच आहे.

शनिवार, ११.
सकाळी डोळे उघडले तर समोर औती. साइमीनेच फोन केला. चुगलखोर.
"आई, तू इथे बाकावर झोपतेस?"
"एकदाच डोळा लागला."
"दोनदा," साइमी म्हणाली.
औती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. साइमीच्या नवऱ्याने तासभर गरम हवा मारून चाकं सोडवली. कोणी पैजेचं नावही काढलं नाही.

रविवार, १२. संध्याकाळ.
रविवार उजाडला तेव्हा मी तळावरच होते, हे नोंदवून ठेवते.
परतताना औती चालवत होती. मी शेजारच्या सीटवर, एकोणतीस वर्षं बसले तिथेच. पुलाजवळ रस्त्यावर बर्फ चमकला. तोंडातून निघालं, "ताइस्तो, हळू."
औतीने वेग कमी केला.
घरी आल्यावर मीच म्हटलं, विक्रीची जाहिरात देऊन टाक. गाडीत काही दोष नाही, असं लिही.