पुराच्या वाट्याचे कंद

आये,

चुलीवरच्या टोपलीचा विषय तू मरेपर्यंत काढला नाहीस, म्हणून आज मीच काढते. चिंचोटीच्या वरच्या अंगाला आपला पाडा. हिवाळ्यात तू रानातून कडू कंद खणून आणायचीस, चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळायचीस, रात्रभर ओढ्याच्या धारेत ठेवायचीस आणि कडवटपणा गेला की वाळवून चुलीवर टांगायचीस. त्याला एरवी कुणी हात लावायचा नाही. तो पुराचा वाटा. पावसात ओढ्यातले खेकडे, आपल्या चिंबोऱ्या, कुडाच्या भिंतीवर चढू लागतात आणि तू टोपली उतरवतेस, शेजारणींना हाक मारतेस, "पानी येतंय गं, भिजत घाला!" वाट बुडते. घराघरातल्या मूठमूठ चकत्या एकाच हंड्यात पडतात. ज्याच्या घरी काही नाही, त्याला पहिलं वाढायचं.

रेशनच्या दुकानासाठी वसईला मोर्चा नेला, तेव्हा त्याच टोपलीतली चकती मी वर धरली. "बघा! माझी आई आम्हाला हे विष खायला घालते. जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत!" माणसं रडली. दुकान मिळालं. ती मागणी रास्तच होती, आजही करीन. पण तू पुढेच बसली होतीस. परतताना शेजारीण तुला कोपरानं ढोसत म्हणाली, "काय गं, आता माझ्या नातवाला विष नको हां घालू!" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. मग मला म्हणालीस, "बाय, लय जोरात बोललीस. ऐकून मलाच माझी दया आली."

त्या हिवाळ्यात पाड्यावर कुणीच कंद खणले नाहीत. तू टोपलीत कोंबडी अंड्यावर बसवलीस. पुढच्या पावसात चिंबोऱ्या भिंतीवर चढल्या, वाट बुडाली, दुकान ओढ्यापलीकडे कुलपात राहिलं. पोरं भुकेनं रडत होती. तीच शेजारीण दारात येऊन वर चुलीकडे बघत राहिली. तू मान खाली घातलीस. मी सरकारवर बोलत होते. तेव्हाही माझ्याकडे बोलणं तेवढंच होतं.

परवाच्या सभेतही मी कंद वर धरला, आये. टाळ्या नेहमीच्याच जागी पडल्या. कडू कंद रानात कसा ओळखायचा, हे मी तुझ्याकडून कधी शिकलेच नाही. बाजारातून गोडं कोनफळ आणते, तेच वर धरते. लांबून कुणाला कळत नाही.